जुन्नरचा काळा दगड आणि आमचा ओटा

जुन्नरच्या जुन्या पेठेत आमचे घर आहे. पुढे अरुंद गल्ली, मागे चार हातांचे परसू आणि या दोहोंच्या मधे लांबट, थोडे अंधारे स्वयंपाकघर. एका कोपऱ्यात जुन्या चुलीची काळवंडलेली भिंत अजून तशीच आहे. तिच्या शेजारी चाळीस वर्षांपूर्वी अब्बा मरहूम यांनी घातलेला कडप्प्याचा ओटा, खाली शहाबादी फरशी आणि भिंतीत लाकडी फडताळ. वर्षानुवर्षे पाय फिरून फिरून फरशी गुळगुळीत झाली होती. गेल्या पावसाळ्यात अम्मी तिच्यावरून घसरल्या आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले.

प्लास्टर निघाले त्या दिवशी त्या पहिल्यांदा पाट्यासमोर जाऊन बसल्या. बसता आले, उठता आले नाही. आम्ही दोघांनी, म्हणजे मुलाने आणि सुनेने, दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उठवले. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही बोललो नाही. त्या रात्री ठरवले की स्वयंपाकघर नवे करायचे.

सकाळी त्यांना सांगितले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "नवं करा. पण मला आधी सांगा, त्यात माझी जागा कुठं? का मला आता बाहेरच्या खोलीत तसबीह घेऊन बसवायचं ठरवलंय?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. आमच्या यादीत ग्रॅनाइट, टाइल्स, ट्रॉल्या आणि चिमणी एवढेच होते. त्या दिवशी यादीच्या सर्वांत वर अम्मींची जागा लिहिली आणि मग दगड शोधायला बाहेर पडलो. पुढच्या तीन रविवारी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आम्ही असे पाहिले, जसे जन्मभर इथे राहूनही कधी पाहिले नव्हते.

अम्मींनी दुसरा प्रश्नही विचारून ठेवला होता. "डोंगर आपल्या दारात आणि दगड आंध्रातून का आणायचा?" म्हणून पहिला रविवार डोंगरासाठीच दिला.

कुकडी ओलांडून लेण्याद्रीला गेलो. अम्मी पायथ्याशी सावलीत थांबल्या, आम्ही पायऱ्या चढलो. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी अशा चारही अंगांना दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती दुसरीकडे क्वचितच असतील. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणारा व्यापार या गावावरून जाई, त्या व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दानातून ही लेणी झाली. इथल्या शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. म्हणजे धान्य, सूप-टोपली आणि भांडी. स्वयंपाकघराचा निम्मा संसार त्या लेखांत आहे.

शिवनेरीच्या लेण्यांतला एक लेख तर आमच्या कामाचाच निघाला. चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद तिथे आहे. आणि इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या. यवन म्हणजे तेव्हा ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी माणूस. आपल्याकडे पुढे हा शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला, तो अर्थ इथे नाही. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने इथे काय ठेवून जावे, तर जेवायची जागा आणि पिण्याचे पाणी. लेण्यांतल्या खोल्यांमध्ये भिंतीला लागून कोरलेले दगडी बाक आहेत. बाकावर बसून पाहिले. पाय जमिनीला टेकतात आणि उठताना गुडघ्यावर जोर पडत नाही. एकाने दुसऱ्याकडे पाहिले. अम्मींच्या जागेचा विचार तिथे पहिल्यांदा सुचला.

परतताना हापूसबागेतला हबशी गुंबज पाहिला. सौदागर गुंबज असेही त्याला म्हणतात. मोठ्या घुमटाखालच्या भिंतींवर दगडात केलेली नक्षी पाहिली की हा दगड घडवता येत नाही असे कोण म्हणेल? अहमदनगर वसण्याच्या आधी, १४९० च्या सुमारास, निजामशाहीची सुरुवात करणारा मलिक अहमद जुन्नरहूनच कारभार पाहत होता. त्या काळापासून इथे दगडकामाची परंपरा आहे. मग ओट्यालाच का नको?

उत्तर एका वयस्कर पाथरवटाने दिले. त्याने हातातली टाकी दगडावर ठेवून दाखवली. "ह्यो दगड तासायला चांगला, फळीसारखा चिरायला वाईट." सह्याद्रीचा हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून थंड झाले, त्यातून तो तयार झाला. थंड होताना त्यात भेगा पडल्या आणि वायूचे बुडबुडे अडकून बारीक पोकळ्या राहिल्या. जाड चिरा केला तर तो हजार वर्षे भिंतीत उभा राहतो. पण ओट्यासाठी सात-आठ फूट लांब आणि जेमतेम पाऊण इंच जाड पट्टी हवी. तेवढी पातळ केली की भेगेवर तुटते, आणि पोकळ्यांत कणीक व मसाला अडकतो. म्हणून आजच्या खाणींतला आपला दगड बहुतेक खडी होऊन रस्त्यावर आणि स्लॅबमध्ये जातो.

"मग आमचा पाटा कशाचा?" अम्मींनी विचारले.

"ह्याचाच की. पाट्याला खरखरीतच दगड लागतो, माय."

अम्मी खूश झाल्या. पूर्वी गल्लीतून 'पाट्याला टाकी लाऽव' अशी आरोळी देत बाया येत, त्याची आठवण त्यांनी घरी येईपर्यंत सांगितली. त्याच बोलण्यात कागद्यांची आठवण निघाली. जुन्नरचा हातकागद एकेकाळी प्रसिद्ध होता. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई आणि तो बनवणारे कारागीर आपल्याच समाजातले, कागदी आडनावाचे. लगदा कुटायचा, हौदातल्या पाण्यातून साच्यावर घ्यायचा, ओला कागद गिलाव्याच्या गुळगुळीत भिंतीला चिकटवून वाळवायचा आणि मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. "घोटल्याशिवाय चकाकी नाही, आणि नुसत्या चकाकीवर शाई टिकत नाही," असे त्यांच्या लहानपणी म्हातारे म्हणत. पुढच्या रविवारी दुकानात हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडले.

दुसऱ्या रविवारी नारायणगावमार्गे मंचरला निघालो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी लागली होती. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला मार्बल-ग्रॅनाइटची दुकाने एकामागे एक आहेत. उभ्या लाद्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या रांगेत ठेवलेल्या. कडप्पा आंध्रातून, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून, कोटा आणि मकराना राजस्थानातून, चमचमणारा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चीमकुर्तीहून, तपकिरी टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरकडून आणि टाइल्स गुजरातच्या मोरबीहून. अख्खा देश एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता, फक्त जुन्नर नव्हते.

आमच्या मनात पांढरा क्वार्ट्झ होता. पुण्याच्या एका नातेवाइकांकडे पाहिलेला, बर्फासारखा. अम्मींनी पर्समधून लिंबू काढले. आम्ही गोंधळलो. "ओट्यावर लिंबू, चिंच, दही पडणार. आत्ताच बघून घेऊ," त्या म्हणाल्या. दुकानदार हसला, पण त्याने प्रत्येक दगडाचा एक तुकडा समोर ठेवला. अर्ध्या तासाने पाण्याने धुऊन पाहिले. मार्बलची चकाकी लिंबाच्या थेंबाखाली गेली होती. कडप्पा आणि कोटाही तिथे फिके झाले. हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आंबट त्यांना खाते. ग्रॅनाइटवर काही झाले नाही, क्वार्ट्झवरही नाही.

पण क्वार्ट्झ हा खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. गारेचा चुरा आणि रेझिन एकत्र दाबून तो कारखान्यात बनवतात. रेझिनमुळे डाग पडत नाही, आणि त्याच रेझिनमुळे गरम भांडे थेट ठेवले की पिवळा व्रण उठण्याची भीती असते. आमच्या घरी बिर्याणीचा पातेला चुलीवरून उतरला की तो ओट्यावरच येतो. लाकडी पाट शोधायला कोणी थांबत नाही.

क्वार्ट्झ नाकारण्याचे दुसरे कारण दुकानाच्या मागे सापडले. तिथे विशीतला एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच दगड कापत होता. भुवया, केस, पापण्या सगळे पांढरे. ही धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिस म्हणतात त्या आजाराला, आणि त्याने एकदा फुप्फुस निकामी केले की ते पूर्ववत करणारे औषध नाही. क्वार्ट्झच्या लादीत सिलिका बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये सिलिका त्याहून बरीच कमी असली तरी असतेच. अम्मींनी त्या मुलाला पाणी दिले आणि विचारले, "बेटा, पाणी सोडून कापता येत नाही का?" तो म्हणाला, "येतं की. पण वेळ लागतो, गिऱ्हाईक थांबत नाही."

आम्ही ते गिऱ्हाईक आहोत हे तिथे ध्यानात आले. शेवटी अट घातली. सगळे माप आधी देऊ, सिंकचे आणि शेगडीचे भोकसुद्धा इथेच पाण्याखाली कापायचे, घरी कोरडे ग्राइंडर लावायचे नाही. त्यासाठी दोन दिवस जास्त लागतील आणि मजुरी थोडी वाढेल, असे दुकानदार म्हणाला. मान्य केले. आपल्या घरची रोटी भाजायच्या जागेसाठी दुसऱ्याच्या मुलाचा श्वास जाऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

निवडला तो साधा काळा ग्रॅनाइट. दुकानदाराने पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन लादीवर घासून दाखवले. फडके काळे झाले नाही. रंग चढवलेला दगड असता तर झाले असते. पाण्याचा थेंब पाच-दहा मिनिटे तसाच राहिला, म्हणजे दगड पाणी पीत नव्हता. मग त्याने जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती आम्ही घरी येऊन पुस्तकात ताडून पाहिली. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या बेसाल्टच्याच घराण्यातला. बेसाल्ट जमिनीवर येऊन लवकर थंडावला, हा जमिनीखाली सावकाश थंडावला. म्हणून त्याचे दाणे घट्ट बसले, पोकळ्या राहिल्या नाहीत आणि त्याला चकाकी घेता येते. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे चुलत भाऊच की. मग आणा घरात."

दुकानात मॉड्युलर किचनचा नमुनाही मांडला होता. एका बोटाने उघडणारे ड्रॉवर, कोपऱ्यात फिरणारी जाळी. हप्त्यांची सोयही सांगितली. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे घरात आधीच ठरले होते. भिशीचे पैसे आणि थोडी शिल्लक, तेवढ्यातच बसवायचे होते. म्हणून कपाटांचा निर्णय तिसऱ्या रविवारवर टाकला.

तिसऱ्या रविवारी घोडेगावला फुफूंकडे गेलो. आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगाव. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि शहीद झाला. बाहेरचे काय घ्यावे आणि आपले काय राखावे, हा प्रश्न या मातीत जुनाच आहे.

फुफूंच्या स्वयंपाकघरात पाच वर्षांपूर्वीची कपाटे होती. वरची अजून नवी दिसत होती, सिंकखालचे दार मात्र खालून फुगून पाव झाले होते. इकडे भीमाशंकरच्या बाजूने येणारा पाऊस चार महिने भिंती ओल्या ठेवतो. कपाट भुशाच्या दाबीव पट्टीचे होते, वर फक्त सुंदर लॅमिनेट. फुफू म्हणाल्या, "वरचा कागद बघून घेतलं, आतलं विचारलंच नाही." तिथेच आम्हाला सुताराने समजावले. पाण्याजवळ घ्यायचेच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा प्लायवुड घ्यावा, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावून ती बंद करावी, कारण पाणी कडेतून शिरते. त्याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे सांगाडा कडप्प्याच्या उभ्या-आडव्या लाद्यांचा आणि दारे तेवढी प्लायची. दगडाला वाळवी लागत नाही आणि दार खराब झाले तर एकटे बदलता येते.

फुफूंच्या शेजारी धरणात गाव गेलेल्या एक आजी राहतात. आमचे बोलणे ऐकून त्या आल्या. गाव सोडताना काय काय आणले, असे अम्मींनी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "दारं आणली, पत्रे आणले. चूल नाही आणता आली. पाटा मात्र डोक्यावरून आणला." त्यांनी आत नेऊन तो दाखवला. मधोमध खोल झिजलेला काळा पाटा. दोघी म्हाताऱ्या त्याच्यापाशी बराच वेळ बसल्या. आम्ही बाहेर थांबलो.

परतीच्या वाटेवर सगळे ठरले.

ओटा दोन उंचींचा केला. आपल्याकडे गवंडी सरसकट बत्तीस-चौतीस इंच उंच ओटा बांधतो. खरे माप माणसाच्या कोपराचे. उभे राहून हात काटकोनात दुमडला की कोपरापासून चार इंच खाली ओटा यावा. म्हणजे कणीक तिंबताना खांदे वर ओढले जात नाहीत. त्या मापाने मोठा ओटा तेहेतीस इंचांवर आला. त्याच्या शेवटी, परसाच्या दाराकडे, अडीच फुटांचा दगडी बाक केला, जमिनीपासून सतरा इंच, लेण्यातल्यासारखा. बाकासमोर सव्वीस इंचांवर छोटी काळी लादी आणि तिच्यावर अम्मींचा पाटा. उठताना धरायला भिंतीत स्टीलचा दांडा. बाकाखाली पोकळी ठेवली, तिथे कांदे-बटाटे.

ओट्याच्या लादीला पुढच्या कडेखाली बोटभर आत एक बारीक खाच मारून घेतली, म्हणजे सांडलेले पाणी कपाटाच्या दारावर न ओघळता खाली टपकते. वीस मिलिमीटरच्या लादीचे वजन चौरस फुटाला साधारण पाच किलो भरते. आमच्या लांबीला शंभर किलो. म्हणून खाली दर अडीच फुटांवर कडप्प्याची उभी लादी दिली. फरशीसाठी चकचकीत टाइल डोळे मिटून नाकारली. खरखरीत मॅट व्हिट्रिफाइड घेतली, जी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. सिंकच्या पुढची फरशी ओली करून अनवाणी चालून पाहिली, मगच पेट्या उचलल्या. भिंतीच्या टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरले. साधे सिमेंट हळदीने पिवळे पडते आणि मग जन्मभर घासत बसावे लागते.

सगळेच मनासारखे झाले असे नाही. पांढरे स्वयंपाकघर हवे होते, ते काळे झाले. कोपऱ्यातली फिरती जाळी राहिली. चिमणी पुढच्या वर्षावर गेली. सध्या जुन्या चुलीच्या भिंतीत वरती जाळीचा झरोका आणि साधा एक्झॉस्ट पंखा आहे. काळ्या लादीवर पाण्याचे आणि पिठाचे डाग लगेच दिसतात, दिवसातून चार वेळा पुसावी लागते. अब्बांच्या ओट्याचा जुना कडप्पा मात्र टाकला नाही. फुटलेला भाग काढून उरलेल्या लादीचा परसाच्या दाराला उंबरा केला.

काम संपले त्या संध्याकाळी घरात अजून सिमेंटचा वास होता. अम्मी भिंत धरत आल्या, बाकावर बसल्या, पाय जमिनीला टेकतात का ते पाहिले. मग पाट्यावर लसूण, मिरची आणि सुके खोबरे घेतले. उजव्या हाताने वरवंटा ओढला, डावा नुसता टेकवला. वाटण फार बारीक झाले नाही. आम्ही मिक्सरकडे पाहिले, पण कोणी उठले नाही.

वाटण काढून त्यांनी दांडा धरला आणि कोणालाही हाक न मारता उठल्या.

"मीठ कुठं ठेवलंय या नव्या घरात?" त्यांनी विचारले.